चौदावी पायरी

गेल्या महिन्यात आमच्या विभागात नव्याने रुजू झालेली एक सहकारी एक रेणू पायरीपायरीने बनवण्याची तिची पहिली योजना मला दाखवायला घेऊन आली. मोठ्या कागदावर अकरा बाण काढलेले होते. प्रत्येक बाणावर अभिक्रियाकारक, द्रावक आणि तापमान होते, आणि खाली जुन्या शोधनिबंधांतून घेतलेले यील्डचे, म्हणजे प्रत्येक पायरीत किती टक्के पदार्थ हाती येतो त्याचे, आकडे होते. काम मन लावून केलेले होते. "ताई, सोमवारी पहिली पायरी लावू का?" असे तिने विचारले. मी शेवटच्या बाणावर बोट ठेवून विचारले, "आणि ही कधी करून बघणार?" तिला प्रश्न समजेना, कारण तिच्या हिशेबाने ती पायरी चार महिन्यांनी यायची होती. त्या दुपारी तिला जे सांगितले ते सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले, म्हणून हा लेख.

बहुपायरी सेंद्रिय संश्लेषणाची योजना कागदावर उलटी लिहिली जाते. हवा असलेला रेणू आधी काढायचा, त्यातला कोणता बंध सर्वांत शेवटी जोडता येईल ते ठरवायचे, तो कल्पनेने तोडायचा आणि जे तुकडे मिळतील त्यांनाही तोच प्रश्न विचारायचा; असे मागे मागे जात बाजारात किलोच्या भावाने मिळणाऱ्या एखाद्या साध्या पदार्थापर्यंत पोहोचायचे. इलायस कोरी यांनी १९६० च्या दशकात या विचाराला नियमांची शिस्त दिली आणि त्याबद्दल त्यांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण या उलट्या विचाराचे माझे सर्वांत आवडते उदाहरण त्याहून कितीतरी जुने आहे. ट्रोपिनोन हा अ‍ॅट्रोपिनच्या घराण्यातला, नायट्रोजनचा पूल असलेला छोटासा रेणू आहे. रिचर्ड विल्स्टेटर यांनी १९०१ च्या सुमारास तो सायक्लोहेप्टॅनोनपासून सुरुवात करून लांबलचक मार्गाने बनवला. तो मार्ग त्या काळाच्या मानाने थोर होता, पण अखेरीस हाती पडणारा पदार्थ एक टक्क्यापेक्षाही कमी होता. १९१७ मध्ये लिव्हरपूलला काम करणाऱ्या रॉबर्ट रॉबिन्सन यांनी त्याच रेणूच्या चित्रावर तुटक रेषा ओढल्या आणि या रेषांवर रेणूचे काल्पनिक जलविच्छेदन केले तर काय उरेल, असा विचार केला. उरले ते सक्सिनडायाल्डिहाइड, मेथिलअमीन आणि अ‍ॅसिटोन. ते तिन्ही एकाच पात्रात, पाण्यात, साध्या तापमानाला एकत्र आणले की ट्रोपिनोन तयार होतो. प्रत्यक्षात त्यांनी अ‍ॅसिटोनऐवजी अ‍ॅसिटोनडायकार्बॉक्सिलिक आम्लाचे कॅल्शियम लवण वापरले तेव्हा यील्ड बरेच वाढले, कारण त्यातले दोन जादा कार्बॉक्सिल गट बंध जुळवायला मदत करतात आणि काम झाले की कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. तुटक रेषांनी दाखवलेला पदार्थ आणि पात्रात घातलेला पदार्थ यांच्यातला हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण कागदावरची योजना आणि प्रत्यक्ष प्रयोग यांच्यातले सगळे अंतर त्यात दिसते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला मात्र रॉबिन्सन यांच्यासारखी एका पात्रातली किमया येत नाही. आपल्याला दहा, बारा, चौदा पायऱ्या चढाव्या लागतात, आणि तिथे गुणाकार आपल्या विरुद्ध असतो. प्रत्येक पायरीला ८० टक्के यील्ड मिळाले तर कोणताही रसायनज्ञ समाधानी होईल. पण अशा चौदा पायऱ्या ओळीने केल्या की शेवटी साडेचार टक्केही उरत नाहीत. हाच रेणू दोन तुकड्यांत स्वतंत्रपणे बांधून शेवटी जोडला आणि सर्वांत लांब ओळ सात पायऱ्यांची ठेवली, तर तेच ८० टक्के २१ टक्क्यांपर्यंत नेतात. म्हणून योजना करताना एकूण पायऱ्या मोजण्याआधी सर्वांत लांब सलग ओळ किती आहे ते मोजावे. आणि याच गुणाकाराची दुसरी बाजू अशी की शेवटच्या पायरीत वाया जाणारा प्रत्येक मिलिग्रॅम हा पहिल्या पायरीतल्या कित्येक ग्रॅमांच्या आणि कित्येक आठवड्यांच्या मोलाचा असतो.

माझी पीएच.डी. मला हे शिकवून गेली. दालचिनी आणि तमालपत्र ज्या वनस्पतिकुलातले आहेत त्याच कुलात क्रिप्टोकारिया नावाची झाडे आहेत, आणि त्यांत सहा अणूंच्या कड्याची असंतृप्त लॅक्टोने (कड्याच्या रूपातली एस्टरे) सापडतात. तशा धाटणीचा एक रेणू मला बनवायचा होता: कड्यात एक दुहेरी बंध, कड्याला जोडलेली कार्बनांची साखळी आणि त्या साखळीत दुसऱ्या कार्बनावर एक हायड्रॉक्सिल गट. कागदावर चौदा बाण झाले.

सुरुवात डी-मॅनिटॉलपासून होती. ही साखरेच्या नात्यातली पांढरी पूड स्वस्त मिळते आणि तिच्यात त्रिमितीय रचना निसर्गानेच नेमकी घडवून ठेवलेली असते, त्यामुळे ती आपल्याला प्रयोगशाळेत नव्याने घडवावी लागत नाही. शिवाय मॅनिटॉलचा रेणू सममित आहे. झिंक क्लोराइडच्या सान्निध्यात अ‍ॅसिटोन वापरून त्याच्या दोन्ही टोकांचे हायड्रॉक्सिल झाकले आणि सोडियम पेरिआयोडेटने मधला बंध तोडला की एका रेणूचे दोन अगदी सारखे तुकडे होतात. एकही कार्बन वाया जात नाही. पहिल्यांदा ही अभिक्रिया लावली तेव्हा आपण एक रेणू घातला आणि उपयोगाचे दोन काढले, याचा मला निखळ आनंद झाला होता.

या तुकड्याला, म्हणजे ग्लिसराल्डिहाइड अ‍ॅसिटोनाइडला, एक खोड आहे. ते ऊर्ध्वपातित करून बाटलीत भरून ठेवले तर काही दिवसांत त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पातळ द्रवाचा चिकट पाक होतो. मुंबईच्या भाभा अणु संशोधन केंद्रातल्या रसायनज्ञांनी १९९० च्या दशकात अ‍ॅसिटोनऐवजी सायक्लोहेक्झॅनोन वापरून याचेच अधिक टिकाऊ भावंड लोकप्रिय केले, आणि पुढच्या खेपेला मीही तेच वापरले. पहिल्या खेपेला मात्र एका शुक्रवारी संध्याकाळी मी पेरिआयोडेटची पायरी उरकली आणि सोमवारी बाटली तिरकी केली तेव्हा आतला पदार्थ सावकाश, मधासारखा सरकला. त्यानंतर मी योजनेत मुक्काम आखायला शिकले. पालखीचे मुक्काम जसे निघण्यापूर्वीच ठरलेले असतात, तसे कोणत्या पदार्थापाशी थांबता येते आणि कोणत्या पदार्थापाशी अजिबात थांबायचे नाही, हे संश्लेषणात आधी ठरलेले असावे. मॅनिटॉलचे दुहेरी अ‍ॅसिटोनाइड हा उत्तम मुक्काम आहे, कारण ते स्फटिकरूप असते आणि कोरडे ठेवले की टिकते. त्यापुढे पेरिआयोडेटची पायरी केली की त्याच दिवशी पुढची अभिक्रिया लावायची, अन्यथा ती पायरी करायचीच नाही. आजही मी कोणत्याही योजनेत स्फटिकरूप पदार्थांभोवती हिरव्या शाईने चौकट काढते.

मधल्या पायऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. त्या काळात पुण्याच्या उन्हाळ्यात ईथरचे कॉलम, म्हणजे सिलिकाच्या नळीतून पदार्थ शुद्ध करण्याचे काम, करताना जीव मेटाकुटीला येई, कारण डायइथाइल ईथर ३५ अंशांच्या आतच उकळते आणि काचेच्या नळीतली सिलिका मध्येच तडकते. म्हणून असे कॉलम आम्ही पहाटे करत असू. पावसाळ्यात त्याच्या उलट, हवेतल्या दमटपणामुळे ग्रिन्यार अभिक्रिया सुरूच होत नसे. असे करत वर्ष-सव्वा वर्षात मी तेराव्या पायरीपर्यंत पोहोचले.

शेवटचे चार बाण असे होते: अल्डिहाइडला अ‍ॅलिल गट जोडायचा, तयार झालेल्या अल्कोहोलवर अ‍ॅक्रिलोइल क्लोराइडने एस्टर बांधायचा, ग्रब्ज उत्प्रेरकाने दोन टोके मिटवून कडे तयार करायचे आणि अखेरीस साखळीवरच्या हायड्रॉक्सिलला आधीच्या अभिक्रियांत जपणारे संरक्षक आवरण काढायचे. ते आवरण टीबीएस या सिलिकॉनच्या गटाचे होते. कोरी आणि वेंकटेश्वरलू यांनी १९७२ मध्ये तो वापरात आणला, आणि आज सेंद्रिय रसायनाची अशी प्रयोगशाळा सापडणे कठीण की जिथे तो वापरला जात नाही. तो काढायला फ्लोराइड लागते, कारण सिलिकॉन आणि फ्लोरिन यांचा बंध विलक्षण मजबूत असतो. फ्लोराइडचा नेहमीचा स्रोत म्हणजे टीबीएएफ या फ्लोराइड लवणाचे टीएचएफ या द्रावकातले द्रावण. वहीत मी चौदाव्या बाणावर डोळे झाकून टीबीएएफ लिहिले होते.

तेरावी पायरी झाली तेव्हा माझ्याकडे ६२ मिलिग्रॅम पदार्थ होता. शेजारच्या फ्यूमहुडवर काम करणाऱ्या ताईने सांगितले म्हणून त्यातला १७ मिलिग्रॅम बाजूला ठेवला आणि ४५ मिलिग्रॅमवर अभिक्रिया लावली. तापमान शून्य अंश, वेळ एक तास. टीएलसीवर, म्हणजे अभिक्रिया कुठवर आली ते दाखवणाऱ्या सिलिकाच्या प्लेटवर, जुना स्पॉट गेला आणि खाली एकच नवा स्पॉट आला. तो अतिनील दिव्याखाली दिसत नव्हता, अ‍ॅनिसाल्डिहाइडमध्ये बुडवून प्लेट तापवली तेव्हाच उमटला. माझ्या लॅक्टोनातला संयुग्मी दुहेरी बंध दिव्याखाली, फिका का होईना, दिसायला हवा होता. ही खूण माझ्यासमोर होती आणि मी ती वाचली नाही. कॉलम केला, २४ मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ मिळाला, म्हणजे ८० टक्क्यांहून थोडे अधिक यील्ड. वस्तुमान वर्णपटात २३५.१३ हा सोडियमसह अपेक्षित असलेला आकडा दशांश चिन्हापुढेही बरोबर आला. मी घरी फोन करून सांगितले की रेणू झाला.

दुसऱ्या दिवशी एनएमआर आला, म्हणजे रेणूतला प्रत्येक प्रोटॉन कशाच्या शेजारी आहे ते दाखवणारा वर्णपट. कड्यातल्या दुहेरी बंधावरचे दोन प्रोटॉन ६.९ आणि ६.० या दोन ठिकाणी दिसतात. या कुटुंबातल्या लॅक्टोनांची ती ओळखच आहे. माझ्या वर्णपटात ५ च्या पुढे द्रावकाच्या शिखराखेरीज काहीही नव्हते. मी उभा अक्ष मोठा करून पाहिला, आलेख कागदावर छापून पाहिला, आणि नंतर बराच वेळ त्या सपाट रेषेकडे पाहत बसले.

काय झाले ते कळायला फार वेळ लागला नाही. फ्लोराइड आयन, विशेषतः टीबीएएफच्या द्रावणात, चांगलाच आम्लारिधर्मी असतो. त्याने सिलिकॉनचे आवरण काढले तेव्हा मागे ऋण प्रभाराचा ऑक्सिजन उरला, आणि तो बरोबर त्या अंतरावर होता जिथून कड्यातल्या दुहेरी बंधाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचता येते. तो तिथे जोडला गेला आणि एका कड्याची दोन कडी झाली. अणू तेवढेच, फक्त त्यांची जोडणी वेगळी, म्हणून वस्तुमानात काडीचाही फरक पडला नाही. अशी दोन कड्यांची लॅक्टोने क्रिप्टोकारियाच्या झाडांतही सापडतात. म्हणजे जे घडले ते त्या रेणूच्या स्वभावाला धरूनच घडले होते.

माझ्या मार्गदर्शक सरांनी माझी वही मागितली. योजनेच्या पानावरचा चौदावा बाण दाखवून त्यांनी विचारले, "इथे टीबीएएफ का?" मी म्हटले, "सगळे तेच वापरतात, सर." त्यांनी पुन्हा विचारले, "सगळ्यांच्या रेणूत हायड्रॉक्सिलपासून एवढ्या अंतरावर असा दुहेरी बंध आहे का?" नव्हता. ज्या शोधनिबंधावरून मी ती पायरी उचलली होती त्यातल्या लॅक्टोनात दुहेरी बंधच नव्हता. सर रागावले नाहीत; त्यांनी फक्त एवढे सांगितले की शेवटची पायरी आपण कागदावर सर्वांत आधी लिहितो, म्हणजे रेणूविषयी आपल्याला सर्वांत कमी माहिती असते त्या वेळी लिहितो, आणि नंतर तिच्याकडे वळून बघत नाही.

उरलेल्या १७ मिलिग्रॅमसाठी मी तीन आठवडे थांबले. त्या काळात अशीच रचना असलेले एक सोपे लॅक्टोन चार पायऱ्यांत बनवले आणि त्यावर वेगवेगळ्या रीती तपासल्या. टीबीएएफमध्ये अ‍ॅसेटिक आम्ल मिसळले तर दोन्ही पदार्थांचे मिश्रण येत होते. हायड्रोजन फ्लोराइड आणि पिरिडीन यांच्या मिश्रणाने मात्र आवरण निघत होते आणि दुहेरी बंध शाबूत राहत होता, कारण आम्लधर्मी माध्यमात ऑक्सिजनला ऋण प्रभार घेऊन मोकळे राहताच येत नाही. हायड्रोजन फ्लोराइड काचेला खाते, म्हणून अभिक्रिया प्लॅस्टिकच्या बाटलीत लावायची. कातडीवर पडले तर जखम खोलवर जाते, म्हणून दुहेरी हातमोजे घालायचे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल टेबलावर उघडून ठेवायचे. १७ मिलिग्रॅममधून ९ मिलिग्रॅम मिळाले. या वेळी प्लेट दिव्याखाली धरताच स्पॉट दिसला आणि एनएमआरला पाठवण्याआधीच माझा श्वास मोकळा झाला.

नंतर विचार करताना लक्षात आले की रीत बदलण्याऐवजी क्रमही बदलता आला असता. आधी आम्लाने आवरण काढायचे आणि कडे मिटवण्याची पायरी शेवटी ठेवायची, कारण ग्रब्ज उत्प्रेरकाला मोकळ्या हायड्रॉक्सिलचे वावडे नसते आणि ती अभिक्रिया आम्लारीशिवाय होते. पण त्यात दुसरा धोका होता: मोकळा झालेला हायड्रॉक्सिल शेजारच्या ऑक्सिजनवरचा अ‍ॅक्रिलोइल गट स्वतःकडे ओढून घेण्याची शक्यता होती. क्रम बदलला की अडचण नाहीशी होते असे नाही, ती दुसऱ्या पायरीवर जाते. आणि ती कोणत्या पायरीवर असलेली आपल्याला परवडेल हे ठरवणे म्हणजेच योजना करणे, असे मला वाटते. संरक्षक गटांचाही हिशेब याच नजरेने करावा. प्रत्येक गट घालायला एक पायरी लागते आणि काढायला एक, आणि त्यातली काढण्याची पायरी बहुधा शेवटी, पदार्थ सर्वांत महाग झालेला असताना येते.

आता मी उद्योगात आहे आणि इथे मिलिग्रॅमच्या जागी किलो आले आहेत, तरी प्रश्न फारसा बदललेला नाही. आयब्युप्रोफेनचे उदाहरण मी नेहमी देते. बूट्स कंपनीचा मूळ मार्ग सहा पायऱ्यांचा होता आणि त्यात घातलेल्या अणूंपैकी वजनाने सुमारे ४० टक्केच औषधात उतरत. १९९२ मध्ये टेक्सासमधल्या बिशप इथे सुरू झालेला बीएचसी या कंपनीचा मार्ग तीन पायऱ्यांचा आहे आणि त्यात हे प्रमाण ७७ टक्के आहे. दोन्ही मार्ग आयसोब्युटिलबेंझिनपासून निघतात आणि दोन्हींची पहिली पायरी त्यावर अ‍ॅसिटिल गट बसवण्याचीच आहे. वाटा त्यानंतर वेगळ्या होतात, आणि शेवटच्या पायरीत पॅलेडियमच्या मदतीने कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन थेट आम्लाचा गट म्हणून बसवता येईल हे ज्यांना दिसले त्यांना मधल्या तीन पायऱ्या लागल्याच नाहीत.

हे सगळे ऐकून झाल्यावर माझ्या सहकारी मुलीने आपला अकरावा बाण पुन्हा पाहिला. तिथे पॅलेडियम-कार्बन आणि हायड्रोजनने बेंझिल हा संरक्षक गट काढायचा होता, आणि रेणूत दूरवर एक दुहेरी बंध राखायचा होता. तो बंध तीन बाजूंनी कार्बनांनी वेढलेला असल्यामुळे हायड्रोजन त्याला हात लावणार नाही, असे तिचे म्हणणे होते, आणि ते अगदीच निराधार नव्हते. मग तिने कपाटातून सिट्रोनेलॉलची बाटली काढली. गवती चहाच्या भावंडाच्या तेलातून येणाऱ्या या अल्कोहोलात तसाच दुहेरी बंध असतो आणि ते स्वस्त असते. एका दिवसात तिने त्याचा बेंझिल ईथर बनवला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर हायड्रोजनचा फुगा लावला. चार तासांनी नमुना काढला तेव्हा ४.५ पाशी बेंझिलचे प्रोटॉन अजून बऱ्यापैकी शिल्लक होते आणि ५.१ पाशी असलेले दुहेरी बंधाचे शिखर निम्म्याहून खाली आले होते.

तिने तो आलेख माझ्या टेबलावर ठेवला आणि काही न बोलता कागदावरच्या तिसऱ्या बाणावरचा बेंझिल खोडून तिथे पीएमबी हा दुसरा संरक्षक गट लिहिला, कारण तो डीडीक्यू या ऑक्सिडीकारकाने, हायड्रोजनशिवाय निघतो. मग सिट्रोनेलॉलवर तेही करून पाहिले. डीडीक्यू घालताच द्रावण गडद हिरवे झाले, हळूहळू बदामी झाले, आणि संध्याकाळच्या वर्णपटात ५.१ चे शिखर जागच्या जागी होते. पुढच्या सोमवारी तिने पहिली पायरी लावली.